अपंगत्वाच्या भरपाईत वकिलाची टक्केवारी : कायदा काय म्हणतो आणि फी ठरवायची कशी

सातबारा_उतारा

बीड, परभणी, लातूरकडं अपघातात हातपाय गेलेल्यांच्या दाव्यात वकिलाची फी सरळ टक्क्यांत ठरायली. कुठं दहा, कुठं पंधरा, कुठं वीस. "आत्ता एक रुपया देऊ नका, रक्कम आली की बघू" म्हणायचं आणि वकालतनाम्यासोबत कोऱ्या कागदावर, कधी कोऱ्या चेकवर सह्या घ्यायच्या. गरीब माणसाला हे बरंच वाटतं, कारण खिशातून काही जात नाही. पैसे बँकेत आल्यावर खरी गंमत कळते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा करार कायद्यात बसतो का? बसत नसेल तर फी ठरवायची कशी? आणि ज्याच्याकडं फुटकी कवडी नाही त्यानं काय करायचं?

कलम, रक्कम, कागद यांसकट लिहा. "चांगला वकील बघा" असले प्रतिसाद नकोत, तो कुठं मिळतो हेच तर विचारायचंय.

कोर्टाची_पायरी

पहिल्याचं उत्तर : बसत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांच्या वर्तणुकीचा भाग आहे. त्यातला नियम २० सांगतो की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. नियम २१ सांगतो की अशिलाच्या दाव्यात हिस्सा विकत घ्यायचा नाही, त्याचा सौदा करायचा नाही. शिवाय भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो.

हे नुसतं पुस्तकात नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तेलंगणातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. मोटार अपघाताच्या भरपाईतून टक्केवारीनं फी, त्यासाठी अशिलाकडून घेतलेला चेक, तो वटला नाही म्हणून वकिलानं केलेली फौजदारी केस. न्यायालयानं ती केस रद्द केली आणि मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर फी मागणं हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं स्पष्ट म्हटलं.

तेव्हा "करारावर सही केलीय, आता द्यावंच लागेल" ही भीती आधी काढून टाका. त्या कागदाच्या जोरावर कोर्टातून वसुली होत नाही. अर्थात वकिलानं काम केलंय तर वाजवी फी मागायचा त्याचा हक्क शाबूत आहे. फी ठरलीच नसेल तर नियम २९ प्रमाणे कोर्टाच्या नियमांनुसार जी बसते तेवढी त्याला अशिलाच्या त्याच्याकडं शिल्लक असलेल्या पैशातून वळती करता येते. फुकट काम करून घेण्याची ही पळवाट नव्हे.

कैफियत

कायदा वर बरोबर दिलाय. पण टक्केवारी कशामुळं चालते तेही बघा, नाही तर चर्चा एकांगी होईल.

मोटार अपघाताच्या दाव्यात दाखल करण्यापासून रक्कम हातात येईपर्यंत सहज काही वर्षं जातात. अशील मजूर, घरातला कमावता माणूस खाटेवर. तो दाखल करताना फी देऊ शकत नाही. डॉक्टरला साक्षीला आणायचा भत्ता, नकला, नोटिशीचा खर्च, झेरॉक्स, हे सगळं वकील घालतो आणि मग शेवटी टक्केवारीत वसूल करतो. उलट बाजूला विमा कंपनीचा वकील पॅनलवरचा, त्याला दर प्रकरणामागं कंपनी देते.

तरी नियम ३२ विसरू नका. ज्या दाव्यात वकील आहे त्या दाव्यासाठी त्यानं अशिलाला पैसे उसने द्यायचे नाहीत असा तो नियम आहे. "आम्हीच सगळा खर्च घातला" हे टक्केवारीचं समर्थन होत नाही, ती दुसरी अडचण होते.

मार्ग आहे आणि तो नियमात बसतो. फी उशिरा घेता येते, निकालाला टांगता येत नाही. म्हणजे "एकूण साठ हजार, त्यातले दहा दाखल करताना, बाकीचे टप्प्याटप्प्यानं, शेवटचे वीस रक्कम मिळाल्यावर किंवा निकालानंतर अमुक महिन्यांत, निकाल काहीही लागो" हे चालतं. "रकमेच्या पंधरा टक्के" हे चालत नाही. आकडे उदाहरणादाखल आहेत, दर समजू नका.

बालाघाटी

कैफियत, टप्पे कोणते धरायचे ते लिहा ना. लोकांना कोर्टात काय काय होतं तेच माहीत नसतंय.

कैफियत

मोटार अपघात दाव्यात साधारण असं : दावा अर्ज दाखल, समोरच्यांना नोटीस, त्यांची कैफियत (लेखी उत्तर), मुद्दे निश्चित, अर्जदाराचं सरतपासाचं शपथपत्र (स्वतःची साक्ष लेखी) आणि उलटतपास, डॉक्टरची साक्ष, युक्तिवाद, निवाडा. मग विमा कंपनी रक्कम कोर्टात भरते आणि रक्कम काढण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. हा शेवटचा अर्ज म्हणजे दोन पानांचं काम, पण लोक इथंच लुबाडले जातात, कारण पैसा इथं दिसतो.

फी चार ठिकाणी तोडा : दाखल, शपथपत्र, डॉक्टरची साक्ष, युक्तिवाद. "रक्कम काढण्याचा अर्ज फीत धरलाय" हे कागदावर लिहून घ्या.

फी आणि खर्च एका आकड्यात मिसळू नका. टंकलेखन, वकालतनाम्याची तिकिटं, नोटिशीची फी, डॉक्टरचा भत्ता, निवाड्याची नक्कल हा सगळा खर्च. त्याची यादी वेगळी, पावती वेगळी. नियम २५ ते ३० प्रमाणे वकिलानं अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवायचा असतो, अशिलाचे पैसे आले की त्याला कळवायचं असतं आणि मागितल्यावर हिशोबाची प्रत द्यायची असते.

हिशोबनीस

टक्केवारी म्हणजे नक्की किती जातात हे एकदा आकड्यात बघितलं की डोकं ताळ्यावर येतं.

वय ३४, मजुरी महिना १२,०००, कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं असं समजा.

स्वतःचा धंदा किंवा ठरावीक मजुरी आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातील वाढ ४० टक्के (२०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल). १२,००० चे झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३१ ते ३५ ला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो वयानुसारचा आकडा, १६ (२००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल). झाले ३२,२५,६००. त्याचे ४० टक्के म्हणजे १२,९०,२४०. यात दवाखान्याचा खर्च, वेदना, पुढची शस्त्रक्रिया, जेवढे महिने काम बंद होतं तेवढी मजुरी हे वेगळं मिळवायचं.

नुसत्या या आकड्यावर पंधरा टक्के म्हणजे १,९३,५३६. व्याज धरलं तर आणखी. तीन-चार वर्षांच्या व्याजावरही वकील टक्का लावतो, म्हणजे तारखा जितक्या लांबतील तितकी त्याची फी वाढते! कुणाच्या हेतूबद्दल बोलत नाही, पण असा करार मुळातच वाकडा आहे.

बाकीचे गुणक : १५ ते २५ ला १८, २६-३० ला १७, ३६-४० ला १५, ४१-४५ ला १४, ४६-५० ला १३, ५१-५५ ला ११, ५६-६० ला ९, ६१-६५ ला ७, त्यापुढं ५. भविष्यातील वाढ ४० ते ५० वयाला २५ टक्के, ५० ते ६० ला १० टक्के. कायम नोकरी असेल तर तेच ५०, ३० आणि १५.

घाटीवाला

वरच्या हिशोबातला "४० टक्के" हा आकडा येतो कुठून हे सांगतो, कारण फीपेक्षा मोठा खड्डा तिथं आहे.

प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे नीट उलगडून सांगितलंय. आधी बघायचं की टक्केवारी एका अवयवाची आहे की संपूर्ण शरीराची. पायाचं ४५ टक्के म्हणजे शरीराचं ४५ टक्के नव्हे. मग बघायचं की त्या माणसाचा धंदा काय. ड्रायव्हरचा गुडघा वाकत नसेल तर त्याचं कामच संपलं, कारकुनाचा वाकत नसेल तर तो खुर्चीवर बसून काम करतो. इजा तीच, नुकसान वेगळं.

आता चुका कुठं होतात :

प्रमाणपत्रात "संपूर्ण शरीराच्या तुलनेत" असं लिहिलेलं नसतं. विमा कंपनीचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न हाच विचारतो.

प्रमाणपत्र दाखल होतं पण ते देणारे डॉक्टर साक्षीला येत नाहीत. मग त्या कागदाला फारसं वजन राहत नाही.

कधीच उपचार न केलेल्या डॉक्टरकडून पैसे देऊन प्रमाणपत्र आणतात. असल्या "तयार" प्रमाणपत्रांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं त्याच निकालात न्यायाधिकरणांना (मोटार अपघाताचे दावे जिथं चालतात ती कोर्टं) सावध केलंय. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच आणा. सरकारी रुग्णालय असेल, मग ती संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ असो की नांदेडचं विष्णुपुरी, तर डॉक्टरांची बदली व्हायच्या आत साक्ष उरकायचा प्रयत्न करा. भरतीची फाइल रुग्णालयातूनच मागवायला लावा. फक्त डिस्चार्ज कार्डवर भागत नाही.

हिशोबनीसांच्या उदाहरणात ४० ऐवजी २५ टक्के धरले गेले तर ८,०६,४०० होतात. म्हणजे ४,८३,८४० चा फरक, फक्त एका साक्षीनं. फी ठरवताना वकिलाला विचारायचा प्रश्न हा : डॉक्टरला कधी आणि कसं आणणार? याला सरळ उत्तर न देणारा वकील पाच टक्क्यांतही महाग.

मांजराकाठ

वाचनखूण साठवली. एवढा एक प्रतिसाद छापून जिल्हा कोर्टाच्या बाहेर चिकटवा.

गेट_नंबर_३

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याकडच्या कामगारांसाठी. आधी ठरवा तुमचा दावा कुठला, मग फी.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल (पगाराची मर्यादा २१,०००) तर कामावरच्या अपघाताची भरपाई ईएसआयकडून. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळं मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही. अपघाताची नोंद मालकानं ईएसआयकडं केलीय का ते आधी बघा. कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि पेन्शनसारखी रक्कम आयुष्यभर मिळते. इथं पहिल्या टप्प्यात वकील लागतच नाही. मंडळाचा आकडा पटला नाही तर अपिलाच्या वेळी बघा. ईएसआयच्या कामाला टक्केवारी मागणारा माणूस दिसला की रस्ता बदला.

ईएसआय नसेल तर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, दावा कामगार न्यायालयात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यामुळं त्यानंतरच्या अपघाताला संहितेची कलमं लागतात. अपघात आधीचा असेल तर खाली लिहितो ते १९२३ च्या कायद्याचं आहे.

वय ३०, पगार १८,०००, उजव्या हाताचा अंगठा प्रेसमध्ये गेला असं धरा. पगार धरायचा १५,००० (जानेवारी २०२० पासूनची मर्यादा). त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वयाला एक घटक (गुणायचा आकडा) दिलाय, वय ३० चा २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. अंगठा गेल्यास परिशिष्टात ३० टक्के आहेत, म्हणून ५,६१,५४६. हाताचा पूर्ण पंजा गेला तर ६० टक्के. परिशिष्टात नसलेली इजा असेल तर डॉक्टर कमाईचं नुकसान ठरवतात.

अपघातानंतर महिन्याभरात मालकानं भरलं नाही तर १२ टक्के व्याज आणि कारण योग्य नसेल तर थकबाकीच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. दाव्याची मुदत २ वर्षं.

फीच्या दृष्टीनं महत्त्वाची तीन कलमं :

कलम ९. ही भरपाई कुणाच्या नावे करता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही, जप्त होत नाही आणि तिच्यातून कुठलंही येणं वळतं करता येत नाही. "भरपाईतून इतके टक्के वकिलाला" असा कागद या कलमासमोर टिकत नाही.

कलम २४. वकीलच पाहिजे असं नाही. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्रावर उभा राहू शकतो.

कलम २२. अर्जदार निरक्षर असेल आणि त्याची इच्छा असेल तर आयुक्तांच्या, म्हणजे कामगार न्यायालयाच्या, सूचनेनुसार अर्ज लिहून दिला जातो. हे कलम कुणी वापरत नाही.

कोयता

गेट नंबर तीनच्या कलम ९ ला ऊसतोडीकडून जोड देतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, परंडा इकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिकडं कुणाचा हात-पाय गेला की मुकादम म्हणतो, "उचल फिटली नाही, भरपाईतून कापू". कापता येत नाही. उचल हे वेगळं येणं, त्याचं त्यानं बघावं. भरपाईतून वळती होत नाही.

मालक कोण हा दुसरा घोळ. कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो कारखान्याला. कलम १२ प्रमाणे ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही दावा लागतो. दोघांना पक्षकार करा. वकिलानं फक्त मुकादमाला केलं असेल तर लगेच दुरुस्ती अर्ज द्यायला लावा, मुकादमाकडून वसूल काय होणार?

तिसरं, दावा सांगली-कोल्हापूरला जाऊन लावायची गरज नाही. कर्मचारी भरपाई आणि मोटार अपघात, दोन्ही कायद्यांत अर्जदार जिथं राहतो तिथं दावा चालतो. तिकडच्या वकिलाची फी आणि तारखेला तारखेला जायचं भाडं, दोन्ही वाचतं.

आणि ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली तर मोटार अपघात दावाही लागतो आणि कर्मचारी भरपाईही. पण दोन्ही मिळत नाहीत, मोटार कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे एक निवडावं लागतं. विमा कंपनी ट्रॉलीत बसलेल्याचा विमाच नाही म्हणून भांडते. निवडायच्या आधी पॉलिसीची प्रत वकिलाला दाखवा, आणि ती त्यानं खरंच वाचली का ते विचारा.

पाहुणा_डेट्रॉईट

इंटरनेटवर "अपंगत्वाच्या केसमध्ये वकिलाची फी २५ टक्के, कायद्यानं मान्य" असं वाचून इकडचे नातेवाईक तेच इथं लागू समजतात, म्हणून लिहितो. ती गोष्ट अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीची आहे.

तिथं अपंगत्वाचा भत्ता नाकारला तर वकील लावतात. मंजूर झाला तर मागच्या थकबाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यांतलं जे कमी ते (ही मर्यादा ३० नोव्हेंबर २०२४ पासून). ही फी सरकारच थकबाकीतून कापून वकिलाला देतं. प्रकरण संघीय न्यायालयात गेलं तर तिथल्या कामासाठी न्यायाधीश थकबाकीच्या २५ टक्क्यांपर्यंत फी देऊ शकतो, आणि फी वाजवी आहे का हे तपासणं त्याचं काम आहे असं २००२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. सरकारची भूमिका पुरेशा आधाराशिवाय असेल तर १९८० च्या एका कायद्याखाली सरकारकडूनही वकिलाची फी मिळते. एकाच कामाच्या दोन्ही फी मिळाल्या तर त्यातली लहान रक्कम वकिलानं अशिलाला परत करायची.

म्हणजे तिथंही टक्केवारी मोकाट नाही. वरची मर्यादा आहे, कापणी सरकारच्या हातून आहे, तपासणी न्यायाधीशाची आहे. इथं यातलं काहीच नाही आणि टक्केवारीला बंदी आहे. तिथला आकडा इथल्या वकिलानं दाखवला तर ती थाप समजा.

बालाघाटी

तिथं थकबाकीवरच टक्का, पुढच्या भत्त्यावर नाही. आपल्याकडं तर एकरकमी मिळते त्यात माणसाचं पुढचं सगळं आयुष्यच असतंय. त्यावर पंधरा टक्के म्हणजे पुढच्या तीस वर्षांच्या भाकरीतला वाटा की हो.

विधी_सेवक

सातबारा_उतारा यांचा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही अजून.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. मोफत वकील कुणाला : महिला, मूल, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मोठ्या आपत्तीत सापडलेले, कोठडीतले, वगैरे. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ३ लाख.

इथं एक मेख आहे. अपघातात नुकताच जखमी झालेला माणूस कागदावर अजून "अपंग" नसतो, प्रमाणपत्र निघालेलं नसतं. म्हणून त्याचा अर्ज अडकतो. अडकू देऊ नका. तोवर दुसऱ्या कारणाखाली अर्ज करा : कामगार, जात, किंवा उत्पन्न. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बहुतेक मजुरांना मिळतो.

कुठं : जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका समिती, खंडपीठासाठी उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती. फोन १५१००. अर्ज साधा : कोणाविरुद्ध, कशासाठी, कुठल्या गटात बसता, आधार, पुरावा. एफआयआर आणि दवाखान्याचे कागद जोडले तर वकील लवकर नेमला जातो.

वकिलाची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला हेही मदतीत येतं. पॅनलच्या वकिलानं अर्जदाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवाकडं लेखी द्या, वकील बदलून मिळतो.

खोटं कशाला सांगू, पॅनलवर सगळे सारखे नसतात, आणि मोटार अपघाताचं काम रोज करणारा मिळेलच असं नाही. अर्जातच "मोटार अपघात दाव्याचा अनुभव असलेला वकील मिळावा" असं लिहा.

सातबारा_उतारा

हे फार उपयोगाचं. शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची जी योजना आहे तिलाही वकील लागतो म्हणून काही एजंट पैसे मागायलेत. खरंय का?

विधी_सेवक

अजिबात नाही. ते सानुग्रह अनुदान आहे. मृत्यू, किंवा दोन डोळे वा दोन अवयव निकामी झाले तर २ लाख, एक डोळा वा एक अवयव गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, आणि तीस दिवसांत करायचा. सातबारा, एफआयआर किंवा पंचनामा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. कोर्टाचा संबंध नाही. आणि हे मिळालं म्हणून मोटार अपघात दावा बुडत नाही, दोन्ही वेगळे.

पैनगंगा_पार

अगोदरच टक्केवारीच्या कागदावर सही झालीय, वकील फाइल देत नाही, "आधी फी, मग ना हरकत" म्हणतो. अशा वेळी?

कोर्टाची_पायरी

फाइल अडवून धरता येत नाही. फीसाठी अशिलाच्या कागदांवर वकिलाचा ताबा राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय. फी बाकी असेल तर त्यानं वेगळा दावा लावावा.

करायचं असं. रजिस्टर पोस्टानं पत्र : फाइल आणि हिशोब परत करा, मुदत १५ दिवस. दरम्यान कोर्टातून संपूर्ण प्रकरणाच्या प्रमाणित नकला काढा, म्हणजे मूळ फाइलवर तुमचं काही अडत नाही. नवीन वकिलाच्या वकालतनाम्यावर जुन्याची ना हरकत मिळत नसेल तर कोर्टाला कारणं लिहून परवानगीचा अर्ज द्या. मूळ प्रमाणपत्र, एक्स-रे, बिलं जुन्याकडं अडकली असतील तर अर्जात त्याची यादी द्या.

तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं, अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली. शिस्तपालन समिती समज देते, सनद निलंबित करते, नाव काढूनही टाकते. ग्राहक मंचात जाऊ नका. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं ठरवलंय, तिथं नुसता वेळ जाईल.

तक्रार करताना पुरावा हवा. टक्केवारीच्या कागदाची तुमच्याकडं प्रत नसतेच, म्हणून सही करतानाच मोबाईलवर फोटो काढा. मेसेजवर "साहेब, आपलं पंधरा टक्क्यांचं ठरलं ना?" असं विचारलं आणि तिकडून होकार आला तरी तो उपयोगी पडतो.

हिशोबनीस

बँकेची बाजू राहिली. ही कलमांपेक्षा जास्त पैसे वाचवते.

खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावे, गावाजवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेत, आधी उघडलेलं. कोर्टाजवळ एजंटानं उघडून दिलेलं नको. पासबुक, एटीएम, चेकबुक घरात. बँकेला दिलेला मोबाईल नंबर स्वतःचा, हे विसरतात आणि सगळे ओटीपी भलत्याच फोनवर जातात. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही नाही. अंगठा उठवत असाल तर बँकेच्या मॅनेजरसमोरच.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई थेट अर्जदाराच्या खात्यात जमा करण्यावर भर दिलाय, त्यामुळं दाव्यातच खात्याचा तपशील द्या. न्यायाधिकरण काही भाग मुदत ठेवीत ठेवतं. "ठेव मोडून देतो, त्यातून फी द्या" असा अर्ज करायला कुणी सांगितलं तर ठेव मोडण्याचं कारण काय लिहिणार ते विचारा. ठेव तुमच्या उपचारासाठी, पोटासाठी आहे.

निवाड्यात "खर्चासह" असा शब्द असेल तर त्या खर्चात वकिलाच्या फीचा नियमानं बसणारा थोडासा भाग असतो. समोरच्याकडून आलेली ती रक्कम अर्जदाराची. वकिलाला ठरलेली फी पूर्ण दिली असेल तर ती वेगळी द्यायची नाही.

गेट_नंबर_३

लोकअदालतीचं कुणीतरी लिहा. तिथं एका दिवसात लाखाची वजाबाकी होते.

कैफियत

लिहितो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. रक्कम लवकर येते, हे खरं. पण विमा कंपनीचा आकडा व्याजासह असतो, आणि लोक तो व्याज सोडून समजतात. जायच्या आधी घरी वरच्या पद्धतीनं हिशोब करा, व्याज मिळवा, मग किती सोडायचं ते ठरवा. पंधरा-वीस टक्के सोडून लगेच पैसे मिळत असतील तर विचार करण्यासारखं. निम्म्यावर सही करू नका. आणि टक्केवारीवाल्या वकिलाला तडजोड नेहमीच गोड लागते, कारण उलटतपास न करता त्याचा वाटा येतो. ठरावीक फी असेल तर त्याचा सल्ला जरा निवळ असतो.

आणखी एक. एप्रिल २०२२ पासून मोटार अपघातात पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडं द्यायचा असतो. त्या सविस्तर अहवालावरूनच दावा सुरू होऊ शकतो. "सगळे कागद आम्ही जमा केले" म्हणून वेगळे पैसे मागितले तर ते कागद पोलिसांच्या अहवालात आधीच आहेत का बघा. तरी स्वतःचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल कराच, कलम १६६ मध्ये ती मुदत आहे.

बालाघाटी

निकाल लागला, रक्कम कमी वाटली. वकील म्हणतो खंडपीठात अपील करू, फी वेगळी. ही फी मूळ फीत येते का?

कोर्टाची_पायरी

येत नाही, अपील वेगळं काम आहे आणि बहुधा वकीलही वेगळा. पण तिथंही रुपयांतच ठरवा. मोटार अपघाताच्या निवाड्यावर ९० दिवसांत अपील, आणि वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपीलच नाही. कर्मचारी भरपाईच्या निकालावर ६० दिवस, आणि तिथं कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो, नुसतं "कमी दिलं" चालत नाही. निवाड्याची प्रमाणित नक्कल निकालाच्या दिवशीच मागा. विमा कंपनीनं अपील केलं तर मोफत वकिलाच्या गटात बसणाऱ्याला खंडपीठात उभं राहायला विधी सेवा उपसमितीचा वकील मोफत मिळतो, तो अर्ज नोटीस आल्या आल्या करा. तारीख पहिलीच असेल आणि कुणी हजर नसेल तर स्थगिती एकतर्फी होऊन बसते आणि कोर्टात भरलेली रक्कम काढायला पुन्हा नवीन अर्ज, नवीन फी.

सातबारा_उतारा

नक्कल निकालाच्या दिवशीच, हे ठळक करा. आमच्याकडं लोकं सहा-सहा महिन्यांनी नकलेला जायलेत.